मोटारीच्या मागील चाकांचे डिस्क ब्रेक पॅड घरी बदलताना

कारखान्याचा बॉयलर पेटला की सोमेश्वरनगर परिसरातील रस्त्यांचे रूप पालटते. नीरा-बारामती रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, उसाचे ट्रक आणि बैलगाड्या यांची रांग लागते. फडातून बाहेर पडलेली चाके काळी माती डांबरावर आणून सोडतात, वळणावर उसाच्या मोळ्या गळून पडलेल्या असतात आणि मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री अगदी जवळ गेल्यावरच दिसते. नेमक्या याच दिवसांत आपल्या लोकांचा प्रवास वाढतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. ज्या पिढीने ट्रकच्या हौद्यात दाटीवाटीने बसून चैत्यभूमी गाठली, त्यांची नातवंडे आज स्वतःच्या मोटारीतून जातात. बऱ्याचदा ती मोटार दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताची असते.

या प्रवासाची एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. आपल्याकडून पुण्याला जाताना सासवड सोडले की दिवेघाट उतरावा लागतो. पुढे मुंबईसाठी खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो. महाडला भोरवरून जायचे तर वरंध घाट आहे. म्हणजे जातानाच, गाडी माणसांनी आणि डब्यांनी भरलेली असताना, ब्रेकची खरी परीक्षा होते. तरीही निघण्याच्या आदल्या दिवशी आपण गाडी धुतो, समोर निळा झेंडा लावतो, चाकात हवा भरतो, पण ब्रेक कोणी पाहत नाही.

सदर लेखात मोटारीच्या मागील चाकांचे डिस्क ब्रेक पॅड घरी कसे बदलतात ते सांगण्याचा प्रयत्न आहे. पुढच्या चाकांचे पॅड बदलणारे हौशी लोक गावोगाव आहेत. मागील चाकांच्या बाबतीत मात्र पुढच्यासारखेच करून चालत नाही, आणि ते ठाऊक नसल्याने चांगल्या हाताची माणसेही फसतात. मीही एकदा फसलो आहे, ते पुढे येईलच.

विद्यार्थी मित्रांसाठी येथे थोडे विषयांतर करतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि कारागिरांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते. बाबासाहेबांचे नाव निघाले की आपल्याला संविधान आणि पदव्या आठवतात, पाना-पक्कड आठवत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. असो.

प्रथम आपल्या गाडीला मागे डिस्क आहे की ड्रम, ते पाहावे. अॅम्बॅसिडर आणि जुन्या फियाटच्या काळात ड्रमचेच राज्य होते. नंतर पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही पद्धत रूढ झाली. आजही आपल्या भागात दिसणाऱ्या अल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, बोलेरो यांसारख्या बहुतेक गाड्यांना मागे ड्रमच असतो. त्यात पॅड नसतात, लायनर असतात, आणि त्यांचे काम निराळे आहे. चारही चाकांना डिस्क असलेल्या गाड्यांत २००१ पासून भारतात विकली गेलेली स्कोडा ऑक्टाव्हिया, २०११ ची महिंद्रा एक्सयूव्ही ५००, आणि अलीकडच्या क्रेटासारख्या गाड्यांचे वरच्या किमतीचे प्रकार येतात. यांपैकी जुन्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात आवाक्यात आल्या आहेत, म्हणूनच हा विषय आपल्या वस्तीपर्यंत पोहोचला. चाकाच्या आऱ्यांतून आत डोकावले असता चकचकीत पोलादी तबकडी दिसली तर ती डिस्क. गंजलेल्या रंगाचे बंद डबडे दिसले तर तो ड्रम.

डिस्क ब्रेकचे काम समजायला सोपे आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटीसारखे धरतात. ही चिमटी म्हणजे कॅलिपर. पायाने पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनला पुढे ढकलतो, पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट रेट्याने संपूर्ण कॅलिपर आपल्या दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर आणतो. या सरकण्यावर पुढे पुष्कळ अवलंबून आहे.

या चिमटीवर किती भार येतो त्याचा हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ६७ हजार ज्यूल भरते. गाडी पूर्ण थांबवली की ही सारी ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. अर्धा लिटर पाण्याला उकळी आणायला जवळपास एवढीच उष्णता लागते. वेग ८० झाला की ती पावणेदोनपटीहून थोडी अधिक होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. घाट उतरताना हे पाणी पुन्हा पुन्हा उकळत राहते. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या ओढीने वेग धरला तर ब्रेकचा भार हलका होतो. न्यूट्रलमध्ये घाट उतरून डिझेल वाचवणाऱ्यांना काय म्हणावे ?

ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते, त्यामुळे थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम पुढची चाके करतात आणि एरवी मागचे पॅड जास्त टिकतात. परंतु आपल्या भागात एक अडचण आहे. पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल थेट मागच्या कॅलिपरवर बसतो. पाटाच्या कडेचा रस्ता आणि उसाच्या फडाची वाट रोजची असेल तर ही काळी माती कॅलिपरच्या पिनांवरील रबरी टोपणांपाशी साचते, टोपण फाटले की पाणी आत शिरते आणि पिन गंजून अडकतात. मग कॅलिपर सरकत नाही. आतला पॅड एकटाच घासत राहतो आणि बाहेरचा जवळजवळ नवा दिसतो. चाकाच्या आऱ्यांतून आपल्याला दिसतो तो बाहेरचा पॅड ! त्यामुळे बाहेरून पाहून ‘भरपूर शिल्लक आहे’ असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो, पण त्याने अर्धेच पाहिलेले असते. केसपुत्त नगरीत कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले होते की, केवळ ऐकीव आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून कोणतीही गोष्ट मानू नये, स्वतः पारखून घ्यावी. ब्रेकच्या बाबतीत याचा साधा अर्थ, चाक काढून आतला पॅड डोळ्यांनी पाहावा.

पॅडवरील घासणारा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला की नवे पॅड आणून ठेवावेत आणि २ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. अनेक पॅडांना पातळ पोलादी पट्टी लावलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला टेकते आणि ‘चीं’ असा बारीक आवाज सुरू होतो. तो ऐकूनही कुणी गाडी चालवत राहिला तर पुढचा आवाज खरखरीचा असतो. तेव्हा पॅडचे लोखंड डिस्क कुरतडत असते आणि पॅडबरोबर डिस्कचाही खर्च अंगावर येतो.

पॅड नेहमी दोन्ही मागील चाकांचे एकदम बदलावेत. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते. खरेदी करताना गाडीचे मॉडेल, वर्ष आणि शक्य असल्यास चासी नंबर सांगावा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पॅडचा आकार बदललेला असतो. पॅडच्या बाबतीत शंभर-दोनशे रुपये वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खोक्यावर नाव छापलेले असते, पण आत काय दाबून भरले आहे ते आपल्याला दिसत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. जागा सपाट आणि कठीण हवी. सिमेंटचा कोबा चांगला. शेणाने सारवलेले अंगण किंवा मुरूम नको, कारण जॅकचा पाय त्यात रुततो. पुढच्या कामात कौशल्यापेक्षा सावधपणा अधिक लागतो. एरवी आपण गाडी उचलण्यापूर्वी हॅण्डब्रेक ओढतो. मागील पॅड काढताना मात्र हॅण्डब्रेक सोडलेला असावा लागतो, कारण बहुतेक गाड्यांत तो याच पॅडना धरून ठेवतो. म्हणजे गाडीला हॅण्डब्रेकचा आधार नाही, आणि मागचे एक चाकही हवेत आहे. अशा वेळी पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड घट्ट बसवणे, हाच काय तो आधार. पहिला गिअर टाकावाच, पण ज्या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यांत एक मागचे चाक उचलल्यावर गिअरचा भरवसा उरत नाही. दगड विसरू नयेत.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. मग जॅकने उचलून लगेच चासीच्या मजबूत जागी लोखंडी घोडी लावावी आणि गाडीचे वजन तिच्यावर उतरवावे. काढलेले चाक आडवे करून दाराच्या खालच्या पट्टीखाली सरकवून ठेवावे. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. गाडीबरोबर मिळणारा जॅक केवळ पंक्चरचे चाक बदलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात, पाय वा डोके घालून काम करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे घोडीऐवजी वापरू नयेत, ते भाराने अचानक फुटतात.

एका वेळी एकच बाजू उघडावी. घोटाळा झाला तर दुसरी बाजू नमुन्यासाठी शाबूत राहते. अलीकडे प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन असतो, तेव्हा सुटे करण्यापूर्वी दोन फोटो काढून ठेवावेत.

उघडल्यावर वाळलेली माती आणि काळी धूळ दिसते. ती तोंडाने फुंकू नये आणि हवेच्या पाइपने उडवू नये. आजचे चांगले पॅड ॲस्बेस्टॉसविना बनवतात, पण जुन्या वा हलक्या मालात ते असू शकते, आणि त्याचे तंतू फुफ्फुसात गेले की पुन्हा बाहेर येत नाहीत. ब्रेक क्लीनरचा फवारा किंवा साबणाचे पाणी मारून ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे. नाकाला मास्क लावावा. रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांचा ब्रेकच्या रबराला स्पर्शही होऊ देऊ नये, त्याने रबर फुगते. आपल्याकडे सगळे काही रॉकेलने धुण्याची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

कॅलिपर मागील बाजूने दोन बोल्टांनी पिनांवर धरलेला असतो. काही गाड्यांत खालचा एक बोल्ट काढून कॅलिपर वर उचलता येतो, काहींत दोन्ही काढावे लागतात. सुटा झालेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत सोडू नये, तारेने वर स्प्रिंगला बांधून ठेवावा. नळी आतून तुटली तर बाहेरून दिसतही नाही. जुने पॅड काढून शेजारी मांडावेत. चारही पॅड सारखे झिजले असतील तर उत्तम. आतला कागदासारखा आणि बाहेरचा जाड राहिला असेल, तर वर सांगितलेला पिनांचा दोष आहे. अशा वेळी नुसते नवे पॅड घालून काही साधत नाही. दोन्ही पिना ओढून काढाव्यात, गंज साफ करावा, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे, फाटलेली रबरी टोपणे बदलावीत. बोटाने ढकलल्यावर पिन सहज मागेपुढे झाली पाहिजे. या कामाला पंधरा मिनिटे लागतात आणि बहुतेक घाईच्या ठिकाणी नेमके हेच गाळले जाते.

डिस्कही पाहावी. तिच्यावर कमीत कमी जाडीचा आकडा बहुधा कोरलेला असतो, त्याच्या खाली गेलेली डिस्क वापरू नये. नखाला जाणवतील अशा खोल चऱ्या किंवा तडा असेल तर नवे पॅड तिच्यावर वाया जातील.

आता पिस्टन. जुना पॅड झिजत गेला तसतसा पिस्टन बाहेर आलेला असतो. नवे जाड पॅड बसण्यासाठी त्याला पुन्हा आत न्यावे लागते. पुढच्या चाकांत हा पिस्टन सरळ दाबून आत जातो. सी-क्लॅम्प लावला, हळूहळू आवळला, झाले. मागच्या चाकांत येथेच फसगत होते.

मागच्या ब्रेकला दोन धनी असतात. पायाचे पेडल त्याला तेलाच्या दाबाने चालवते आणि हॅण्डब्रेक त्याला केबलने चालवतो. अनेक गाड्यांत हॅण्डब्रेकची यंत्रणा कॅलिपरच्या पिस्टनमध्येच बसवलेली असते. पिस्टनच्या पोटात आट्यांचा एक स्क्रू असतो. पॅड झिजला की पिस्टन या आट्यांवर थोडा थोडा पुढे येऊन थांबतो, म्हणून हॅण्डब्रेकचा खेच आपोआप कायम राहतो. असा पिस्टन दाबून मागे जाऊच शकत नाही, जसा नटमध्ये बसलेला बोल्ट हातोडीने ठोकून आत जात नाही. त्याला फिरवावे लागते. क्लॅम्पचा जोर लावत राहिले तर आतले आटे किंवा त्यामागची स्प्रिंग खराब होते.

काही वर्षांपूर्वी एका परिचिताच्या ऑक्टाव्हियाचे मागील पॅड मी घरासमोर बदलून दिले. पिस्टन आत जाईना, तेव्हा तो गंजला असेल असे समजून मी क्लॅम्प आणखी आवळला. ‘कट्’ असा आवाज आला आणि पिस्टन आत गेला. मला वाटले, जिंकलो. पेडल व्यवस्थित लागत होते. हॅण्डब्रेकचा दांडा जरा वरपर्यंत येत होता, पण नवे पॅड आहेत, बसतील, असे मीच त्यांना सांगितले. दोन दिवसांनी त्यांनी गाडी उतारावर हॅण्डब्रेक ओढून, गिअर न टाकता उभी केली. गाडी हळूहळू मागे सरकत गेली आणि गटाराच्या कठड्याला टेकून थांबली. तेथे रोज सायंकाळी लहान मुले खेळतात. त्या वेळी कोणी नव्हते, एवढेच. कॅलिपर नवा घ्यावा लागला आणि त्याचे पैसे मी दिले. चूक गाडीची नव्हती, की पॅडची नव्हती. पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा स्पष्ट दिसत होत्या. त्या कशासाठी आहेत, असा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

म्हणून जोर लावण्यापूर्वी पाहावे. पिस्टनच्या तोंडावर खाचा किंवा अधिक-चिन्हासारखी घडण असेल आणि कॅलिपरच्या मागे केबल व तरफ असेल, तर तो फिरवायचा पिस्टन आहे. तोंड साध्या वाटीसारखे असेल आणि हॅण्डब्रेकची केबल कॅलिपरकडे न जाता डिस्कच्या मागे मध्यभागी जात असेल, तर डिस्कच्या पोटात हॅण्डब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम आहे. त्या गाडीत पिस्टन दाबून आत जातो. आणि कॅलिपरच्या पाठीवर वायरचा प्लग असलेली छोटी मोटर दिसली, तर तो विजेवर चालणारा हॅण्डब्रेक होय.

फिरवायच्या पिस्टनसाठी खाचांत बसणाऱ्या दोन खुंट्यांचे हत्यार बाजारात संचाच्या रूपात मिळते. ते एकाच वेळी पिस्टनला दाबते आणि फिरवते. केवळ फिरवले तर पिस्टन जागीच गरगरतो, केवळ दाबले तर माझ्यासारखे होते. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतात, पण काही गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात. अर्धा फेरा फिरवून पिस्टन आत जातो की बाहेर येतो ते पाहावे. फिरवताना पिस्टनभोवतीचे रबर त्याच्याबरोबर पिळले जाते, म्हणून मधूनमधून थांबून ते बोटाने मोकळे करावे. नोज प्लायरने खाचा धरून फिरवणारे कारागीर मी पाहिले आहेत. जमते, पण तोच प्लायर घसरून रबर फाटते, आणि फाटलेल्या रबरातून पुढच्या पावसाळ्यात चिखल आत जातो. शेवटी पिस्टन योग्य कोनात थांबवावा. पुष्कळ पॅडांच्या पाठीवर एक बारीक टेंगूळ असते आणि ते पिस्टनच्या खाचेत बसावे लागते. न बसल्यास पॅड तिरका राहतो.

पिस्टन आत जाताना त्याच्या मागचे तेल बॉनेटखालच्या बाटलीकडे परत जाते. बाटली काठोकाठ भरलेली असेल तर ते बाहेर सांडते आणि गाडीचा रंग खाते. म्हणून आधीच झाकण उघडून पातळी पाहावी आणि जास्त असल्यास स्वच्छ सिरिंजने थोडे काढून घ्यावे.

विजेच्या हॅण्डब्रेकच्या गाडीत मोटर आधी मागे घ्यावी लागते. त्यासाठी स्कॅनर लागतो किंवा मालक-पुस्तिकेत दिलेली दुरुस्तीची पद्धत वापरावी लागते. ती नसेल तर हे काम घरी करू नये. बॅटरीची वायर काढली की झाले, असे सांगणारे भेटतात, परंतु मोटर मागे न जाता पिस्टन रेटला तर तिचे दाते तुटतात. आणि कॅलिपर उघडा असताना कोणी आत बसून ते बटण दाबले तर बोटे सापडतील. मुलांना गाडीपासून दूर ठेवावे आणि चावी खिशात ठेवावी.

पुढचे काम सोपे आहे. जेथे पॅड सरकतात त्या जागा वायर ब्रशने घासाव्यात, नव्या क्लिपा बसवाव्यात, पॅडच्या पाठीच्या कडांना अगदी बोटभर ग्रीस लावावे. पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचा डाग लागता कामा नये. नव्या पॅडच्या तोंडाला बोटेही लावू नयेत. पोलादी आवाज-पट्टीचा पॅड जुना होता त्याच जागी जावा. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. कॅलिपरच्या पिनांचे बोल्ट चाकाच्या नटापेक्षा बरेच कमी जोराचे असतात, त्यांना पायाने दाबून आवळणारा मनुष्य आटे घालवून बसतो.

दोन्ही बाजू झाल्यावर चाके बसवून गाडी खाली घ्यावी. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी ब्रेकचे पेडल हळूहळू अनेकदा दाबावे. पिस्टन आत ढकललेला असल्याने पहिल्या काही दाबांत पेडल थेट तळाला जाते. हे न करता गाडी मागे घेणारा मनुष्य समोरच्या भिंतीवरच थांबतो. पेडल कडक झाल्यावर हॅण्डब्रेक आठ-दहा वेळा ओढून सोडावा, म्हणजे आतले आटे आपले अंतर जुळवून घेतात. मग बाटलीतील तेलाची पातळी पाहावी. कमी असल्यास झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, आणि बंद डब्यातले तेल घालावे. हे तेल हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट ४ तेल २३० अंशांच्या खाली उकळू नये असा नियम आहे, पण ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. घाटात तेल उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही. पेडल स्पंजासारखे होऊन खाली जाते ते यामुळे. दर दोन वर्षांनी तेल बदलावे.

तेल गळत असेल, पिस्टन हत्यारानेही फिरत नसेल, किंवा सर्व करूनही पेडल मऊ राहत असेल, तर तेथेच थांबावे आणि जाणकार कारागिराला घरी बोलवावे. तशी गाडी रस्त्यावर काढू नये. एअर काढण्याचे काम, विशेषतः एबीएस असलेल्या गाडीत, दोन माणसांचे आणि सरावाचे आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे अलीकडच्या सर्वच गाड्यांना ही सूचना लागू पडते.

पहिली चाचणी मोकळ्या रस्त्यावर, माणसाच्या चालीने घ्यावी. नंतर ताशी ५० पर्यंत वेग नेऊन, मागे कोणी नाही हे पाहून, मध्यम दाबाने १० पर्यंत कमी करावा. असे थोड्या थोड्या अंतराने आठ-दहा वेळा करावे, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक शक्यतो टाळावा. याच कारणाने, ५ डिसेंबरच्या रात्री पॅड बदलून ६ तारखेला घाट उतरू नये. हे काम निदान आठवडाभर आधी करावे आणि त्या आठवड्यात गाडी बारामती-नीरा अशी नेहमीच्या कामांना वापरावी.

त्या फेऱ्यांत एकदा घरी परतल्यावर मागील दोन्ही चाकांजवळ हाताचा पंजा धरून पाहावा, डिस्कला मात्र हात लावू नये. एक चाक कोमट आणि दुसरे चटका देण्याइतके गरम, किंवा जळका वास येत असेल, तर त्या बाजूचा पॅड सुटत नाही. बहुधा पिनच अडकलेली असते. चाक पुन्हा काढून तीच तपासावी. चाकाचे नट मात्र सर्व ठीक वाटत असले तरी ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून पाहावेत.